आधी काय लिहिलं गेलं? ख्रिस्ती धर्माच्या आरंभाविषयी वाचकांचे प्रश्न

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास अभ्यासक नेमका कसा शोधतात, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. श्रद्धेच्या प्रश्नांना हात घातलेला नाही. ते ज्याने त्याने आपल्या धर्मगुरूंना विचारावेत.

प्रश्न (सोलापूर) : येशूच्या हयातीत त्याच्याविषयी कोणी एक ओळही लिहून ठेवली नाही, असं वाचलं. मग अभ्यासक सुरुवात तरी कुठून करतात?

वाचलंत ते बरोबर आहे. त्याच्या हयातीतलं काहीही आपल्या हाती नाही. म्हणून पहिलं काम असतं ते हाती असलेले कागद वयानुसार लावण्याचं. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, उघडला की आधी मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची हकीकत, येते, म्हणून तीच सर्वांत जुनी असा समज होतो. पण छापील क्रमाचा आणि लिहिल्याच्या क्रमाचा संबंध नाही. येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याची पत्रं तर चक्क लांबीनुसार लावलेली आहेत. मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती गटांना, लिहिलेली आधी, व्यक्तींना लिहिलेली नंतर, आणि दोन्हीकडे साधारण मोठं पुढे, छोटं मागे. म्हणून रोमकरांस पत्र पहिलं आणि फिलेमोनाला लिहिलेलं शेवटी.

सर्वांत जुना मजकूर म्हणजे हीच पत्रं. पौलाचं नाव तेरा पत्रांवर आहे. त्यांतली सात बिनवादाची मानतात : रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला. उरलेल्या सहांबद्दलची शंका सारखी नाही. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या तिन्हींची भाषा, शब्दसंग्रह आणि त्यांत दिसणारी मंडळीची व्यवस्था इतकी वेगळी आहे की बहुतेक अभ्यासक ती नंतरच्या पिढीची धरतात. कलस्सैकरांस पत्राबद्दल मात्र अजून खरा वाद आहे.

पत्रांवर तारखा नाहीत. त्या काढायच्या तर रोमन कालगणनेत पक्की बसलेली एक तरी खुंटी लागते. ती ग्रीसमधल्या डेल्फीला सापडली. सम्राट क्लॉडियसच्या एका पत्राचा तो शिलालेख आहे, तोही तुकड्यातुकड्यांत. त्यात गॅलियो हा अखया प्रांताचा सुभेदार म्हणून येतो, आणि सम्राटाला विजयाचा जयघोष मिळण्याची ही २६वी वेळ असल्याचं नोंदवलं आहे. सत्ताविसावा जयघोष रोममधल्या एका जलवाहिनीच्या लेखात येतो. त्या वाहिनीचं लोकार्पण १ ऑगस्ट ५२ ला झालं. म्हणजे डेल्फीचं पत्र त्याआधीचं. अशी सुभेदारी साधारण एक वर्षाची, म्हणून गॅलियोचा काळ इ.स. ५१ ते ५२ येतो. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पौलाला करिंथमध्ये याच गॅलियोपुढे उभं केल्याचं आणि तो तिथे दीड वर्ष राहिल्याचं लिहिलं आहे. त्यावरून पौल करिंथला इ.स. ५० च्या आसपास पोचला असं धरतात. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र याच मुक्कामातलं, आणि बहुतेकांच्या मते नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण.

आता इथून मागे मोजायचं. गलतीकरांस पत्रात पौल स्वतः सांगतो की येशू दिसल्याचा साक्षात्कार झाल्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेला गेला, येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. आणि मग चौदा वर्षांनी पुन्हा गेला. इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, ते लोक अर्धवट वर्षही पूर्ण मोजत, तेव्हा ‘तीन’ म्हणजे प्रत्यक्षात दोनही असू शकतात. दोन, चौदा वर्षं साक्षात्कारापासून की पहिल्या भेटीपासून, हे वाक्यावरून ठरत नाही. दुसरी भेट ४८-४९ ची धरली तर साक्षात्कार ३१ ते ३५ च्या दरम्यान पडतो. येशूला देहदंड देणारा रोमन सुभेदार पिलात यहूदियात होता तो २६ ते ३६ या काळात. म्हणजे येशूला क्रुसावर दिल्यानंतर फार तर चार-पाच वर्षांत पौल या लोकांत आला होता, आणि येशूच्या भावाला भेटलेल्या माणसाचं स्वतःचं लिखाण आपल्या हाती आहे. येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांची खरी अडचण हा भाऊ आहे.

प्रश्न (नाशिक) : मार्कचं शुभवर्तमान आधीचं आणि मत्तय-लूकने ते पाहून लिहिलं, असं म्हणतात. तिघांनी एकच हकीकत ऐकली असेल म्हणून सारखं असेल, असं का नाही?

ऐकीव गोष्ट सारखी असते ती प्रसंगात, शब्दाशब्दांत नाही. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने शुद्ध करण्याचा विधी, करणाऱ्या योहानाचं ‘सापाच्या पिल्लांनो’ हे भाषण मत्तय ३ आणि लूक ३ मध्ये पाहा. मूळ ग्रीकमधल्या साठेक शब्दांपैकी तीन-चारच वेगळे आहेत. योहान बोलला असणार अरामी भाषेत. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं असतं तर इतकं जुळलंच नसतं. त्याहून बोलका पुरावा मार्क १३:१४ आणि मत्तय २४:१५ मध्ये आहे. येशूचं बोलणं चालू असताना मध्येच ‘वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे’ अशी सूचना दोन्हीकडे एकाच जागी येते. ऐकणाऱ्याला कोणी ‘वाचणाऱ्या’ म्हणत नाही. ही कागदावरून कागदावर उतरलेली ओळ आहे.

नक्कल आहे हे ठरलं. पण कोणी कोणाची? इथे शाळेतल्या पेपर तपासणाऱ्याचीच युक्ती चालते : नक्कल करणारा सुरुवातीला सावध असतो, पुढे थकतो. मार्क ६:१४-२९ आणि मत्तय १४:१-१२ शेजारी ठेवा. प्रसंग योहानाच्या शिरच्छेदाचा. मार्क हेरोद अंतिपाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘राजा’ म्हणतो. ही चूक आहे. तो रोमच्या हाताखालचा मांडलिक होता. पुढे राजेपद मागायला गेला आणि इ.स. ३९ मध्ये हद्दपार झाला. मत्तय हे जाणतो, पहिल्याच वचनात मांडलिकाचा नेमका शब्द घालतो. आणि नवव्या वचनात? ‘राजाला वाईट वाटले.’

ते वाईट वाटणंही तपासा. मार्कमध्ये योहानाला मारायला टपलेली असते ती हेरोदाची बायको हेरोदिया. हेरोद त्याला पवित्र माणूस समजून जपतो. म्हणून शिर मागितल्यावर त्याला वाईट वाटतं, हे जुळतं. मत्तयाने गोष्ट आखडताना हेरोदच योहानाला मारू पाहत होता असं केलं, आणि तरी त्याला वाईट वाटणं तसंच ठेवलं. ते का वाटलं याचं उत्तर मत्तयात नाही, मार्कमध्ये आहे. उलट्या दिशेने, म्हणजे मार्कने मत्तयावरून घेतलं असं धरून, हा प्रसंग लावून बघा. फार ओढाताण करावी लागते.

घरी करायचं असेल तर तीन शुभवर्तमानांतल्या एकाच प्रसंगाच्या छायाप्रती काढा आणि रंगीत पेन्सिली घ्या. तिन्हींत सारखे शब्द एका रंगाने, फक्त मार्क-मत्तय सारखे दुसऱ्या, फक्त मार्क-लूक तिसऱ्या, फक्त मत्तय-लूक चौथ्या रंगाने. दोन-तीन प्रसंगांतच दिसू लागतं की मार्क मधोमध आहे. सावधगिरी दोन गोष्टींची. मराठी भाषांतरकार एकाच ग्रीक शब्दाला दोन ठिकाणी दोन शब्द वापरतात, कधी उलटंही करतात. म्हणून ग्रीकच्या ओळीखाली शब्दशः अर्थ दिलेली प्रत हवी, नाहीतर निष्कर्ष ढोबळच राहील. आणि वचनांचे आकडे १५५१ मध्ये एका मुद्रकाने घातलेले आहेत. ‘इतकी वचनं सारखी’ हा हिशेब सोयीचा आहे, शब्द मोजणं खरं.

मोजणीत एवढं निघतं : मार्कची सुमारे ६६० वचनं. त्यातला नव्वद टक्क्यांच्या घरातला मजकूर मत्तयात येतो, निम्म्याहून थोडा जास्त लूकमध्ये. शिवाय मार्कमध्ये नसलेली सुमारे २३० वचनं मत्तय आणि लूक यांच्यात सामायिक आहेत. ही कुठून आली? बहुतेक अभ्यासक हरवलेला वचनसंग्रह मानतात आणि त्याला ‘क्यू’ म्हणतात. त्याचं एक पानही सापडलेलं नाही. लूकने सरळ मत्तय समोर ठेवला होता, असं मानणारा गट अलीकडे वाढतो आहे आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मार्क आधीचा, हे मात्र दोन्ही गट धरून चालतात.

प्रश्न (वसई) : येशूचा बाप्तिस्मा इतिहासकार ‘जवळपास निश्चित’ मानतात, पण बाकी प्रसंगांवर शंका घेतात. हा दुजाभाव का?

कारण तो प्रसंग लिहिणाऱ्यांना अडचणीचा होता आणि तरी टाळता आला नाही. योहानाचा बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी; मग येशूने तो का घ्यावा? मार्क सरळ सांगून मोकळा होतो. मत्तयात योहान आधी नकार देतो आणि येशू त्याची समजूत घालतो. लूक योहानाला आधी तुरुंगात पाठवतो आणि मग बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो, तोही कोणी दिला हे न सांगता. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो. बाप्तिस्मा होताना दाखवलेलाच नाही. चौघांची ही सारवासारव रचलेल्या गोष्टीसाठी कोणी केली नसती.

या कसोटीचा अतिरेकही झाला आहे. आपल्याला जे अडचणीचं वाटतं ते पहिल्या शतकातल्या माणसाला वाटत असेलच असं नाही. म्हणून ती एकटी वापरू नये. इथे चार लेखक एकाच गोष्टीपासून वेगवेगळ्या वाटांनी दूर सरकताना दिसतात, म्हणून ती चालते.

प्रश्न (पुणे) : मूळ प्रत नाही आणि हजारो हस्तलिखितांत लाखो फरक आहेत. मग मूळ मजकूर कोणता हे ठरवणार कसं?

पुण्याच्या वाचकाला उत्तर घराजवळच आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, तेच शास्त्र इथे चालतं. ग्रीक हस्तलिखितं साडेपाच हजारांहून जास्त आहेत, पण बहुतेक नवव्या शतकानंतरची. फरकांचा आकडा ऐकून दचकू नका. त्यांतले बहुसंख्य शुद्धलेखनाचे किंवा शब्दांच्या मागेपुढे होण्याचे आहेत. जितक्या प्रती जास्त तितके फरक जास्त. आणि चुका पकडायची सोयही तितकीच.

एक खरा फरक पाहू. मार्क १:२ मध्ये जुन्या प्रतींत ‘यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिल्याप्रमाणे’ असं आहे, नंतरच्या बहुतेक प्रतींत ‘संदेष्ट्यांच्या ग्रंथांत’. पुढचं अवतरण प्रत्यक्षात अर्धं मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याचं आणि मग यशयाचं आहे. आता विचारायचं : कोणता पाठ, म्हणजे मजकुराचं कोणतं रूप, दुसऱ्यापासून निघाला असेल? बरोबर असलेलं ‘संदेष्ट्यांच्या’ खोडून कोणी लेखनिक चूक घालणार नाही. चूक दिसली तर ती दुरुस्त मात्र करील. म्हणून अवघड पाठ जुना. हा नियम आंधळेपणाने लावला तर निव्वळ हात घसरून झालेल्या चुकाही ‘मूळ’ ठरतात. अवघड पाठ अर्थपूर्णही असावा लागतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तुकड्यांच्या वयात. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या कागदाचा, तुकडा आहे, साधारण ९ बाय ६ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. म्हणजे गुंडाळी नव्हे, पानांचं पुस्तक. १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा अक्षराच्या वळणावरून दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला, आणि ‘इ.स. १२५’ हा आकडा सगळीकडे छापला जाऊ लागला. पण अक्षराचं वळण असं वर्ष सांगू शकत नाही. एकच लेखनिक तीस-चाळीस वर्षं त्याच हाताने लिहितो, आणि तुलनेला घ्यायच्या साहित्यिक प्रतींवर तारीख क्वचितच असते. आता दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवातही शक्य मानतात. २०१२ पासून ‘पहिल्या शतकातला मार्क’ सापडल्याची हवा होती. २०१८ मध्ये तो तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचा निघाला. प्रसिद्ध न झालेल्या हस्तलिखितावर कोणी आकडा सांगितला तर तो वहीत लिहून घेऊ नये, इतकंच.

प्रश्न (नागपूर) : येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला पपायरस कार्बन चाचणीत जुना ठरला होता ना?

पपायरस जुना ठरला, लिखाण नाही. कार्बन चाचणी झाड कधी कापलं ते सांगते. कोरा जुना तुकडा मिळवून त्यावर काजळीची शाई वापरली की चाचणी पास. २०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी हा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतला, तुकडा जाहीर केला. पपायरस सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा निघाला.

पकडलं ते व्याकरणाने. मजकुराचे तुकडे ‘थॉमसचं शुभवर्तमान’ या ग्रंथातून उचललेले होते, तेही इंटरनेटवरच्या एका प्रतीतून. त्या प्रतीत छापताना एक अक्षर गळलं होतं. तेच अक्षर पपायरसवरही गळलेलं. त्याच मालकाकडून आलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा तुकडा तर १९२४ च्या छापील आवृत्तीची एकाआड एक ओळ होता, ओळी त्याच जागी तुटलेल्या. आणि ज्या बोलीत तो लिहिला होता ती बोली पपायरसच्या वयाच्या आधीच वापरातून गेली होती. तुकडा कुठून आला याची कागदपत्रंही खोटी निघाल्यावर २०१६ मध्ये किंग यांनी तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. उगम माहीत नसलेल्या वस्तूचा उगम आधी शोधायचा, प्रयोगशाळा नंतर, हा क्रम तिथे उलटा झाला होता.

प्रश्न (ठाणे) : रोमन लेखकांचे उल्लेख किती भरवशाचे?

रोमन इतिहासकार टॅसिटसचा बराच. इ.स. ११६ च्या सुमारास तो लिहितो की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला. सूर तुच्छतेचा आहे. कोणा ख्रिस्ती लेखनिकाने घुसडलेलं हे वाटत नाही. पण हा भाग अकराव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितावर उभा आहे आणि त्यात पिलाताचा हुद्दा चुकला आहे. १९६१ मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात पायरी म्हणून उलटसुलट वापरलेला दगड मिळाला. त्यावर पिलाताचं नाव आणि ‘प्रीफेक्ट’ या हुद्द्याची शेवटची अक्षरं आहेत. टॅसिटसने आपल्या काळात रूढ असलेला हुद्दा मागे नेऊन लावला.

यहुदी इतिहासकार जोसेफसचं प्रकरण गुंतागुंतीचं. यहुद्यांच्या प्राचीन इतिहासावरच्या त्याच्या ग्रंथाच्या अठराव्या खंडात ‘हाच ख्रिस्त होता’ असं वाक्य आहे, आणि ते यहुदी माणसाने लिहिलेलं नाही हे उघड आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन तर स्पष्ट म्हणतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. बहुतेकांच्या मते मूळ छोट्या उल्लेखात नंतर भर घातली गेली. विसाव्या खंडातला, ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब’ इ.स. ६२ मध्ये मारला गेला हा चुटपुटता उल्लेख, जास्त मोलाचा आहे. पौल ज्याला भेटला तोच हा याकोब.

प्रश्न (अमरावती) : नव्या करारातली पुस्तकं कॉन्स्टंटाइनने निवडली ना, निकियाच्या सभेत?

नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये भरवलेल्या बिशपांच्या त्या सभेत हा विषयच नव्हता. आजच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ च्या पत्रात. हा गैरसमज कादंबऱ्यांनी पोसला आहे.

प्रश्न (कल्याण) : संत थॉमस भारतात आल्याचा पुरावा आहे का? आणि आमच्या कल्याणला पूर्वी बिशप होता म्हणतात, ते खरं?

येशूचा शिष्य थॉमस याची कथा ‘थॉमसची कृत्ये’ या सिरियाक ग्रंथात आहे, तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. त्यात त्याला गुदनफर नावाच्या हिंदी राजाकडे नेतात. हा राजा काल्पनिकच मानला जाई. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंडोफारेसची नाणी निघाली आणि तो पहिल्या शतकातला खरा राजा ठरला. यावरून लोक एकदम थॉमस खरा ठरवतात, तिथे घाई होते. नाण्यांनी इतकंच सिद्ध होतं की कथा लिहिणाऱ्यापर्यंत त्या राजाचं नाव पोचलं होतं. व्यापाऱ्यांकडूनही पोचलं असेल. शिवाय त्याचं राज्य तक्षशिलेकडे, केरळात नव्हे. केरळातली परंपरा जुनी आणि सलग आहे, पण तिथला हाती लागणारा ठोस लेख म्हणजे कोल्लमच्या चर्चला दिलेला ताम्रपट, नवव्या शतकातला.

कल्याणचा पुरावा यापेक्षा तीन शतकं जुना आहे. अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा व्यापारी इ.स. ५५० च्या सुमारास लिहितो की मिरी पिकते त्या ‘माले’ देशात ख्रिस्ती लोक आहेत, आणि ‘कल्लियाना’ इथे इराणातून नेमलेला बिशप आहे. ते तुमचंच कल्याण, असं बहुतेक मानतात. काहींनी दक्षिणेकडचं ठिकाणही सुचवलं आहे. कल्याणच्या बाजूने बोलतं ते बंदराचं जुनेपण : पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात. पण कॉस्मसचं हे वाक्य थॉमसविषयी काहीच सांगत नाही. सहाव्या शतकात इराणी चर्चची माणसं कोकणच्या बंदरात होती, एवढंच त्यातून निघतं. त्या चर्चचा एखादा क्रूस, थडगं किंवा दानलेख कल्याणच्या जमिनीतून निघाला, तर दक्षिणेकडच्या ठिकाणाचा वाद तिथल्या तिथे मिटेल.